मडक्यांची डॉक्टरीण

समोरची खोली आता सरकीच्या दलालानं घेतलीय आणि तिथून कसलाच वास येत नाही. म्हणजे सरकीचा येतो, पण तो काय वास म्हणायचा! वेणूअक्का राहायची तेव्हा तिथून असा आंबूस वास यायचा की गल्लीत कोणी नवीन माणूस आला की नाकाला धोतराचा सोगा लावून विचारायचा, "इथं काय मेलंय हो?" आणि आतून अक्का ओरडायची, "मेलं काहीच नाही, सगळं जिवंत आहे! आत या, दाखवते!" कोणी आत जायचं नाही. मीसुद्धा पुष्कळ दिवस गेले नाही. मी भितेच सगळ्याला. पांझरेच्या पुलावरून धुळ्यात जातानासुद्धा मी कठडा सोडायचे नाही, मग काचेच्या नळ्या आणि निळा दिवा घेऊन बसलेल्या बाईच्या घरात कशी जाणार.

मी चौथीपर्यंत शिकले, मग लग्न झालं. लिहायची सवय नाही, दगडू झोपलाय तोवर लिहिते, तो उठला की टाकून उठावं लागेल, तेव्हा पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या. मला अक्काबद्दलच सांगायचंय. माझी हकिगत मध्ये येईल, तिला इलाज नाही, तिच्याशिवाय अक्का कशी होती ते कळायचं नाही.

अक्का आमच्या देवपुरातल्या हेडमास्तरांची मुलगी. लग्न केलं नव्हतं. मुंबईला शिकली, मग बंगळूरला, मग विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली, पण माणसांची नाही. कशाची, ते कोणालाच नीट सांगता यायचं नाही. मोठ्या गावातल्या कॉलेजात तिला काम करायला खोली देईनात, बाईमाणूस म्हणून. म्हणून ती वडिलांच्या घरी परत आली, स्वयंपाकघर वडिलांना ठेवलं आणि पुढची खोली स्वतःला घेतली, आणि म्हणाली, "बरंच झालं. मला पाहिजेत ती मडकी तिथं कुठं होती?" हे ती हसून सांगायची. तिच्या डोळ्यांकडे मी तेव्हा बघायचे नाही.

तिचं काम म्हणजे आंबणं. ज्वारीचं आंबील आंबतं, बिबड्यांचं म्हणजे ज्वारीच्या पापडांचं पीठ आंबतं, दही लागतं, कुरडयांचा गहू फसफसतो, हे का होतं, कोण करतं, आणि आंबल्यावर त्या दाण्यात असं काय येतं जे आधी नव्हतं, ते ती शोधत होती. ती म्हणायची, ज्वारी आंबली की तिच्यात नवं सत्त्व तयार होतं, अंगाला लागणारं, आणि ते तयार करणारे जीव इतके बारीक आहेत की एका थेंबात गावच्या गाव मावेल. तिचं लिहिलेलं विलायतेत छापून यायचं. आपल्याकडच्या आंबिलावर असं कोणी आधी केलंच नव्हतं म्हणे. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आंबील तर आम्ही रोज करतो, त्यात शिकायचं काय?" अक्का म्हणायची, "तेच तर. तुम्ही रोज करता आणि मला अजून येत नाही. शिकवा."

आणि खरंच शिकायची. कोणाच्याही घरी गेली की आधी नाक वर करायची, मग माणसाकडे बघायची. "ताक परवाचं आहे ना?" बाई चकित. मग सरळ चुलीपाशी जाऊन मडक्याला कान लावायची. पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल, आणि मडक्याला कान! एकदा माझं डोकं धरून तिनं माझाही कान लावला होता. आत बारीक बारीक चुर्रचुर्र चालू होतं. मी दचकून मागं झाले. ती म्हणाली, "भितेस काय, यमे? वस्ती आहे ती. जेवताहेत बिचारे." तेव्हापासून मला आंबिलाच्या मडक्यात हात घालताना आधी पदर सावरावासा वाटतो.

पहिल्यांदा मी तिला अहो-जाहो करत होते तर म्हणाली, अक्का म्हणतेस ना, मग अहो कशाला. म्हणून मी तिला अगं-तुगं करते. बघा, विलायतेहून आलेली बाई आणि मी.

डॉक्टर म्हटल्यावर दुखणेकरी यायचेच. एक म्हातारा गाल सुजवून ओट्यावर येऊन बसला. अक्का म्हणाली, "आबा, मी दाताची डॉक्टर नाही. मडक्यांची आहे." म्हातारा गाल धरून म्हणाला, "मग मडक्याला काय होतं?" अक्का इतकी हसली की पेन्सिल अंबाड्यातून खाली पडली. मग तिनं त्याला स्वतः टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

आणि अबकारीच्या जमादाराची गोष्ट तर गल्लीत अजून सांगतात. अक्का पिंपळनेरकडून मोहाची फुलं मागवायची, तिकडची एक भिल्ल बाई टोपलीतून आणून द्यायची, आणि अक्का ती बाटल्यांत भिजवून ठेवायची. कोणीतरी चुगली केली. जमादार दोन शिपाई घेऊन दारात. "बाई, दारू कुठंय?"

अक्का आतून म्हणाली, "अजून झाली नाही. परवा या."

आम्ही सगळ्या बायका खिडक्यांतून बघतोय, मला तर वाटलं, आता हिला बेड्या घालून नेतात. जमादार शिपायांकडे बघायला लागला. अक्कानं त्याला खुर्ची दिली, ओट्यावर भिंगाचं यंत्र मांडलं, त्याच्या आरशात ऊन धरलं आणि म्हणाली, "जमादारसाहेब, दारू कोण करतो ते पकडायला आलात ना? बघा, हेच ते. हेच गुन्हेगार." जमादारानं एक डोळा मिटून दुसरा लावला. लावला तो काढेचना. शिपाई म्हणाले, "साहेब, काय दिसतं?" तर म्हणतो, "चूप बसा, त्यांना पोरं होताहेत." शेवटी उठला, टोपी नीट केली आणि तिला सलाम ठोकून गेला. मग तिला रीतसर परवाना काढावा लागला तो लागलाच, पण अर्ज त्या जमादारानंच लिहून दिला.

आता माझं सांगते.

माझी पहिली मुलगी सोनी. तापानं गेली, वर्षाचीसुद्धा नव्हती. त्यानंतर आमच्या घरात माझं झाकायचं फडकं वेगळं काढलं, आणि मग माझं काहीतरी झालं. मी दूध झाकलं की ते नासायचं. मी गहू भिजत घातला की घाण यायची, वर काळी बुरशी धरायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. मग एकदा दुधाचं भांडं अंगणात ओतून म्हणाल्या, "यमे, तुना हात नासेल शे." झालं. फडकं वेगळं होतंच, आता माझी भांडीही वेगळी. वाईट बाई नाही हो ती. नातीसाठी माझ्याहून जास्त रडली होती. तिलाही भीतीच होती, फक्त ती मोठ्यानं भ्यायची आणि मी गप्प राहून.

आणि खोटं कसं म्हणू, मलाही ते खरंच वाटायचं. मी माझे हात बघत बसायचे.

मग दगडू झाला. जगावा म्हणून दगडू नाव ठेवलं. अंगावर पीत होता तोवर ठीक होतं, पण त्याला वरचं सुरू करायची वेळ आली तेव्हा आत्याबाईंनी सांगितलं, "आखाजीले मोठी येई राह्यनी. पोऱ्याले तिना पदरमा टाकसूत. तुना हातनं खाईसन त्याले काही व्हयनं तर?" मोठी म्हणजे माझी थोरली जाऊ, पिंपळनेरला असते, तिला मूल नाही. आमचे हे कापसाच्या जिनात कामाला, दिवसभर रुईत, घरी आले की खोकतात आणि आईपुढं मान वर करत नाहीत. त्यांना मी रात्रंदिवस सांगितलं, ते म्हणाले, "दादाकडंच तर जातोय. परका का आहे तो?" आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि माझ्या घरातून लेकरू जाणार होतं.

मी दगडूला काखेत घेऊन अक्काच्या दारात गेले. कशी गेले मला आठवत नाही. मी म्हणाले, "अक्का, माझ्या हातात काय आहे ते बघ."

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, अगं वेडी का काय, असं काही नसतं. अक्का असं म्हणाली नाही. तिनं माझे दोन्ही हात उलटसुलट करून उन्हात बघितले आणि म्हणाली, "माहीत नाही. करून बघू."

आणि तशीच उठून आमच्या घरी. आत्याबाईंना तिच्याबद्दल मान होता, हेडमास्तरांनी आमच्या ह्यांना शिकवलेलं. अक्का म्हणाली, "काकू, तुमच्या हातच्या कुरडया देवपुरात एक नंबर. यमीच्या नासतात. का नासतात ते मला शिकायचंय. दोघी माझ्याकडं गहू भिजवता का?" एक नंबर म्हटल्यावर आत्याबाई लुगडं झटकून उठल्याच.

अक्कानं कुंभाराकडून दोन कोरी मडकी आणली, उकळत्या पाण्यानं धुतली. गहू एकाच पोत्यातला. पाणी तिनं स्वतः उकळून गार केलेलं. "झाकायला आपापली फडकी आणा," म्हणाली. आम्ही दोघींनी गहू भिजवले, झाकले, रोज जाऊन पाणी बदलायचं. मी देवाचं नाव घेत जायचे.

शेवटच्या दिवशी फडकं काढलं तेव्हा आत्याबाईंचा गहू पांढराशुभ्र फुगलेला, आंबट गोड वास. आणि माझ्या मडक्यावर काळे तंतू. घाण अशी की दगडूनंही तोंड फिरवलं.

"दखं ना?" आत्याबाई म्हणाल्या. पण त्या जिंकल्यासारख्या म्हणाल्या नाहीत, खाली बसत म्हणाल्या.

मी दगडूला पोटाशी धरून तिथंच बसले. आणि अक्का? अक्कानं टाळी वाजवली. "छान!" म्हणाली. "फार छान!"

मला वाटलं हिला वेड लागलं. माझं लेकरू जातंय आणि ही टाळ्या वाजवतेय. ती माझ्यासमोर फरशीवर बसली आणि म्हणाली, "यमे, ऐक. दोन्ही मडकी सारखी निघाली असती तर मला काही कळलं नसतं. वेगळी निघाली म्हणजे कारण आहे. कारण आहे म्हणजे सापडेल. परत करू."

परत करू. हे तिचं बोलणंच होतं. काही फुटलं, सांडलं, चुकलं की हेच. आम्ही काही चुकलं की कपाळाला हात लावतो आणि ती पेन्सिल काढायची.

या वेळी तिनं बटाटे उकडले. त्याच्या चकत्या करून काचेच्या झाकणाच्या बशांत ठेवल्या, आणि एका चकतीला माझं बोट लावलं, एकीला आत्याबाईंचं, एकीला स्वतःचं. मग कपाळ आक्रसून बसली. "मडकी नवी, पाणी माझं, गहू एक. मग वेगळं काय राहिलं?" आणि एकदम कपाळावर मारून घेतलं. "फडकं! फडकी तुमची तुमची आणायला मीच सांगितलं. माझी चूक, काकू. एवढं शिकून फडकं विसरले." मग दोन चकत्यांवर आमच्या दोघींच्या फडक्यांचा कोपरा टेकवून सगळ्या बशा झाकून ठेवल्या.

आखाजी तोंडावर आलेली, गल्लीत झोके बांधायला सुरुवात झालेली, पोरींची गाणी कानावर यायची.

झाकणं काढली तेव्हा तिघींच्या बोटांच्या चकत्यांवर ठिपके उगवले होते. पिवळे, पांढरे, मऊ. माझ्याही आणि त्यांच्याही. आत्याबाई वाकून वाकून बघत होत्या. "हाई काय वं माय? मना हातवर बी हाई शे?"

"तुमच्या, माझ्या, तिच्या. सगळ्यांच्या हातावर असतं."

"बठ्ठासना हात सारखाच शे मग?"

"सारखाच. तुमचा तर थोडा जास्तच उगवलाय, काकू." आत्याबाईंनी बोट पदराला पुसून टाकलं.

मग अक्कानं फडक्याच्या बशा उघडल्या. आत्याबाईंच्या फडक्याच्या चकतीवर थोडंसं काहीतरी. माझ्या फडक्याची चकती दिसतच नव्हती, काळ्या लोकरीनं भरून गेली होती.

अक्कानं हळू विचारलं, "यमे, हे फडकं वाळत कुठं घालतेस?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी खाली. माझं फडकं कोणाच्या कपड्यांना लागू नये, त्याची सावली कशावर पडू नये म्हणून मी ते अंगणातल्या दोरीवर घालायचं नाही, असं ठरलेलं होतं. ते गोठ्यामागं, गोवऱ्यांच्या ढिगापाशी अंधारात वाळत घालायचे मी. वाळायचं नाहीच कधी. तसंच ओलसर दुधावर, तसंच गव्हावर. मला वेगळं काढलं म्हणून फडकं कुजलं, फडकं कुजलं म्हणून दूध नासलं, आणि दूध नासलं म्हणून मला अजून वेगळं काढलं. हे अक्कानं सांगितलं नाही. तिनं नुसतं विचारलं.

मग ती म्हणाली, "परत करू. या वेळी फडकी बदला." माझं फडकं आत्याबाईंच्या मडक्यावर, त्यांचं माझ्या. आत्याबाई म्हणाल्या, नको, कळलं. पण अक्का कळलं म्हटल्यावर थांबणारी नव्हती. एकदा झालं ते तिला पुरायचं नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी मडकी उघडली. आत्याबाईंच्या गव्हावर काळे तंतू. माझा गहू पांढरा, टपोरा. माझ्या हातचा. आत्याबाईंनी त्यातला एक दाणा उचलला, बोटानं दाबला, दुधासारखा चीक आला. मग घरी जाऊन त्यांनी माझं ते कुजकं फडकं चुलीत घातलं.

त्या गेल्यावर मी अक्काला विचारलं. विचारायचं नव्हतं पण तोंडातून गेलं. "मग सोनी का गेली?"

अक्कानं मडकी बाजूला सरकवली. निळा दिवा फुंकून विझवला. "माहीत नाही, यमे," म्हणाली. "मी नव्हते तेव्हा. आणि असते तरी कदाचित कळलं नसतं. पण फडकं त्यानंतरचं आहे. आणि हात तर नव्हताच." मग तिनं समजूत घातली नाही, नुसती माझ्याजवळ बसून राहिली. इतकी शिकलेली बाई माहीत नाही म्हणते, म्हणून तिचं नव्हताच मला खरं वाटलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर नसतं वाटलं.

आखाजीला दीर-जाऊ आले. जाऊबाईंनी दगडूसाठी झबलं शिवून आणलं होतं. आत्याबाईंनी पुरणपोळी, आमरस, सगळं पानात वाढलं, मग आंबिलाची वाटी घेतली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. "तूच चार त्याले." एवढंच. पहिला चमचा दगडूच्या नाकाला लागला. जाऊबाई उठून मोरीत गेल्या, पुष्कळ वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्यावर त्यांनीच त्याला ते झबलं घातलं. त्यांच्यासाठी मी काय करायला पाहिजे होतं ते मला आजही सुचत नाही.

अक्काला पावसाळ्यानंतर बोलावणं आलं. हेडमास्तर उन्हाळ्यातच वारले होते. आता मोठ्या गावातल्या कॉलेजानंच खोली देऊ केली, स्वतःची, वर तिच्या हाताखाली शिकायला मुलंसुद्धा. नळ्या, बशा, यंत्र सगळं गवतात बांधून पुढं गेलं. जायच्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. मला वाटलं निरोपाला. म्हणाली, "यमे, तुझ्या आंबिलाचं विरजण दे. तिथं त्याच्यावर काम सुरू करायचंय."

मी म्हणाले, "आत्याबाईंचं देते, ते जुनं आहे."

"जुनं मला नको. तुझ्या हातचं पाहिजे."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "दे ना वं. कव्हळनी उभी शे ती."

मी लहान मडकं भरून दिलं. वर स्वच्छ, उन्हात वाळलेलं फडकं बांधलं.

चाळीसगावच्या गाडीला पोचवायला आम्ही धुळ्याच्या स्टेशनवर गेलो, मी, दगडू आणि आत्याबाईसुद्धा. पुलावर मी कठडा धरला नाही, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. अक्का खिडकीशी बसली, मांडीवर ते मडकं. शेजारच्या बाईनं नाक मुरडलं तसं अक्कानं तिला काहीतरी सांगायला सुरुवात केली, आणि बघता बघता त्या बाईनं वाकून मडक्याला कान लावला. गाडी हलली. मी हात हलवला, दगडूचा हात धरून हलवला, आत्याबाईंनी पदर हलवला. अक्कानं आमच्याकडे बघितलं, हसली, पण हात काही केला नाही.

गाडीला हिसके बसत होते आणि तिचे दोन्ही हात माझ्या मडक्यावर होते.